वस्तीचे दगड

नवीन पनवेलच्या मासळी बाजारात रंभाशी घासाघीस करायला जाणारा माणूस एक तर त्या भागात नवा राहायला आलेला असतो, नाहीतर घरी त्याच्याशी कोणी बोलत नसतं. जुनी गिऱ्हाइकं मुकाट्याने पिशवी पुढे करतात, ती देईल ते घेतात आणि वर 'बरं आहे ना मावशी?' असं तिलाच विचारतात. मासळी तिची चोख असते, भीती तिच्या तोंडाची. एकदा एका गृहस्थाने खिशातलं बॉलपेन काढून पापलेटाचे कल्ले उचकटून पाहिले. रंभाने त्याच्या हातातून पापलेट काढून घेतलं, बर्फावर नीट ठेवलं आणि म्हणाली, "पेन घेऊन बँकेत जा. हितं हाताला वास लागतो." त्या गृहस्थाची बायको आजही दुसऱ्या ओट्यावरून मासळी नेते, तीही रंभाची नजर चुकवून.

ओटे मिळायच्या आधीची, रस्त्यावर बसायच्या दिवसांतली गोष्ट तर सगळ्या बाजाराला पाठ आहे. अतिक्रमणाची गाडी आली, माणसांनी रंभाची पाटी उचलून गाडीत टाकली. इतर बायका आरडाओरडा करत मागे धावल्या. रंभा धावली नाही. ती शांतपणे गाडीत चढली आणि पाटीशेजारी मांडी घालून बसली. उतर म्हटलं तर उतरेना. तिला हात लावायची कोणाची छाती होईना. शेवटी गाडी वळून परत आली आणि बाई आणि पाटी दोघींना होत्या तिथे उतरवून गेली.

नवरा काशिराम खाडीत होडी घालणारा, मऊ स्वभावाचा माणूस. खाडी बुजत गेली, भराव पडत गेले, होडी किनाऱ्याला पालथी पडली, तेव्हासुद्धा तो 'असू दे' म्हणाला. त्या दोन शब्दांवरून रंभा त्याच्याशी पुरा एक पावसाळा बोलली नव्हती. लोक म्हणतात, बाई तापट आहे. आता तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर गार राहिलं असतं का, हे कोणी विचारत नाही. तिचा राग फुकटचा कधीच नव्हता.

त्या रागातून एकच माणूस सुटलेला होता, तिचा मुलगा शैलेश. लहानपणी त्याने काय काय केलं नाही? जाळं कापलं, शाळा बुडवली, गल्ल्यातले पैसे उचलले. रंभाने त्याच्यावर हात तर सोडाच, आवाजही चढवला नाही. शेजारणी म्हणायच्या, सगळ्या गावाला भाजतेस आणि याला फुंकर घालतेस. ती हसायची. शैलेशला किनाऱ्यावरच्या नव्या उद्यानात सिक्युरिटीची नोकरी लागली, अंगावर निळा गणवेश आला, गळ्यात शिट्टी आली, तेव्हा तिने साऱ्या मासळी बाजारात पेढे वाटले. बॉलपेनवाल्याच्या बायकोलाही हाक मारून दिला.

त्या नोकरीच्या जागेबद्दल मात्र थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

उरणच्या बाजूला, समुद्राच्या काठी, सुरूच्या बनात पुळणाईचं ठाणं आहे. शेंदूर फासलेल्या गोल दगडाचा तांदळा आणि वर चार खांबांची कौलारू सावली, एवढंच देऊळ. चैत्राच्या पौर्णिमेला रंभाच्या सासरची, नाखव्यांची भावकी तिथे वस्तीला जायची. वस्ती म्हणजे घरदार बंद करून, भांडीकुंडी, तांदूळ, मासळी, अंथरुणं आणि पोरंबाळं घेऊन जायचं, समुद्राकाठी उघड्यावर चूल मांडायची, देवीला नैवेद्य दाखवायचा, जेवायचं आणि रात्री तिथेच वाळूवर पडायचं. डोक्यावर छप्पर चालत नाही. पायात वहाण चालत नाही. आणि चूल पेटवायची ती घरातल्या थोरल्या बाईने, त्या घराच्या तीन दगडांवर.

हे दगड प्रत्येक घराचे आपापले. वस्ती उठली की पहाटे घरातल्या तरुण गड्याने ते उचलायचे आणि बाकीच्यांनी तोंड फिरवून बसायचं. त्याने किनाऱ्यावर कुठेतरी दगड पुरायचे आणि जागा कोणाला सांगायची नाही. पुढच्या वर्षी त्यानेच उकरून काढून थोरल्या बाईच्या हाती द्यायचे. वर्षभर घरातली चूल त्या गड्याच्या विश्वासावर असते, असं रंभाची सासू भामा म्हणायची. नाखव्यांच्या दगडांतला एक बुटका होता, त्यामुळे चूल कायम डाव्या अंगाला कलायची आणि खाली शिंपली सरकवावी लागायची. दुसऱ्याच्या डोक्यावर पळी टेकवून टेकवून खळगा पडलेला. तिसरा चांगला होता. रंभा लग्न होऊन आली त्या वर्षी भामाने भर वाऱ्यात तिला काडेपेटी दिली आणि म्हणाली, "पेटव. नाय पेटली तर माहेरी जा." एकामागून एक काड्या विझल्या. रंभाला इतका संताप आला की तिने पदर सोडून त्याचा आडोसा केला, आणि पदराला भोक पडलं पण चूल पेटली. भामा म्हणाली, "हां. आता तू नाखवीण."

मग तिथे उद्यान झालं. कुंपण आलं, फाटक आलं, सुरूच्या बनात पांढरे तंबू उभे राहिले. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून 'फॅमिली कॅम्पिंग'ला येऊ लागली. पुळणाईला कोणी धक्का लावला नाही, हे खरं. देवळाला रंग दिला, लाद्या बसवल्या, स्टीलचं रेलिंग लावलं. भावकीतल्या बाकीच्यांनी मग दिवसा जाऊन नारळ फोडून परत यायचं ठरवलं. रंभाला ते पटलं नाही. पण एक वर्ष तिथे बांधकाम चालू होतं, आणि दुसऱ्या वर्षी सून कोमल दवाखान्यात होती.

कोमलची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला झोपवूनच ठेवलं तेव्हा रंभा दवाखान्याच्या जिन्यात बसून पुळणाईशी बोलली. नवस म्हणतात तसा गोडीगुलाबीचा नवस तो नव्हताच. पोर सुखरूप दे, वर्षाच्या आत तुझ्या वस्तीला आणते, तुझ्या चुलीची राख तिच्या कपाळाला लावते, आणि नाही दिलीस तर पुन्हा तोंड बघणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मुलगी झाली, गुटगुटीत झाली. आता वर्ष भरत आलं होतं, आणि चैत्राची पौर्णिमा आली होती.

"शैलेश, यंदा वस्तीला जायचं," रंभा म्हणाली.

शैलेशने मान हलवली. "मी बघतो आये, सगला बंदोबस्त करतो," म्हणाला. त्याच्या मनात काय बंदोबस्त होता ते रंभाला फाटकावर कळलं.

दुपार कलताना टेम्पो उद्यानाशी थांबला. काशिरामच्या कडेवर नात, कोमलच्या डोक्यावर अंथरुणाचं गाठोडं आणि रंभाच्या डोक्यावर पाटी. पाटीत कोलंबी, मांदेली आणि देवीला म्हणून निवडून आणलेली एक मोठी हलव्याची तुकडी. फाटकात शैलेश उभा होता, गणवेशात, केस पाणी लावून विंचरलेले. लग्नात नवरीकडची माणसं यायची वाट पाहत नवरदेव उभा असतो तसा.

"आये, तंबू घेतलाय तुमच्यासाठी," तो हळूच म्हणाला. "मोठा. आत पलंग हाय, पंखा हाय. बालाला उकडायचं नाय."

"वस्तीला छप्पर?" रंभाने विचारलं.

"बुकिंगशिवाय रात्री आत रावता येत नाय आये. नियम हाय."

रंभाने त्याच्याकडे पाहिलं. मग नातीकडे पाहिलं. ठीक, तंबू तर तंबू, झोपायला बाहेर येता येईल, असं तिने मनाशी जुळवलं. तेवढ्यात फाटकावरच्या दुसऱ्या माणसाने तिच्या पाटीकडे बोट केलं आणि बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई आहे असं सांगितलं. कच्ची मासळी तर नाहीच नाही, गेस्टना वास येतो.

समुद्राच्या काठावर मासळीचा वास येतो म्हणून कोळणीची पाटी अडवली. हे ज्याला सुचलं त्याच्या अकलेची आरती करावी तेवढी थोडी.

रंभाने पाटीला दोन्ही हातांनी धरलं. अतिक्रमणाच्या गाडीत चढली होती तशीच ती आता फाटकात मांडी घालून बसणार, असं काशिरामला वाटलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. पण शैलेशने पुढे होऊन तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली. "केबिनमदे ठेवतो," तो म्हणाला. "बर्फ घालतो. आये, आज माजी ड्यूटी हाय. साहेब बगतायत." हे तो इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की रंभाला त्याच्या आवाजाचाच राग आला. याला असं बोलायला तिने शिकवलं नव्हतं. तरी ती आत गेली. टोप, तांदूळ, नारळ आणि काडेपेटी अंथरुणात गुंडाळलेली होती, ती कोणी पाहिली नाही.

आत सगळं गोजिरवाणं होतं. तंबूंपुढे खुर्च्या, झाडांना दिव्यांच्या माळा, वाळूत लाकडी पायवाट. पोरं चेंडू खेळत होती, बाप मोबाइलवर समुद्र धरत होते. एका तंबूतून एक बाई हसत पुढे आली. खारघरहून मासळीला येणारी, रुचिरा नावाची, रंभाची रविवारची गिऱ्हाईक.

"अहो मावशी, तुम्ही इथे? इथेपण मासे विकता?"

"नाय," रंभा म्हणाली. "माज्या देवीकडं आलंय."

"हो का? हाऊ स्वीट," रुचिरा म्हणाली. माणूस म्हणून वाईट नव्हती. रविवारी सुटे पैसे बरोबर द्यायची. पण त्या क्षणी रंभाला तिच्या गळ्यातली ओढणी चुलीत घालावीशी वाटली.

पुढे उद्यानाचे मॅनेजर आले. विश्वजीत साहेब म्हणत सगळे त्यांना. तरुण, गोरा, बोलायला साखर. त्यांनी रंभाला वाकून नमस्कार केला, शैलेशचं कौतुक केलं, हातातला चहा पुढे केला. मग म्हणाले, "मावशी, संध्याकाळी बोनफायर असतो. तुमची फॅमिली आज आहेच, तर एखादा कोळी डान्स केलात तर गेस्टना फार आवडेल. गाणं आम्ही लावू. तुम्ही फक्त तुमचा तो ड्रेस घाला."

"ह्योच ड्रेस हाय माजा," रंभा आपल्या लुगड्याकडे बघत म्हणाली. "आणि वस्तीला आमी नाचत नाय. वस्तीला देवीसमोर गप बसतात."

"नाही नाही, तुमच्या सोयीने," विश्वजीत साहेब हसत म्हणाले आणि पुढच्या तंबूकडे गेले. शैलेश मागे उभा होता. त्याने खाली वाळूकडे पाहिलं. साहेबांना तो एक शब्द बोलला नाही, आणि रंभाने तो न बोललेला शब्द मोजून घेतला.

ती देवीपाशी गेली. रेलिंगच्या बाहेरून कुंकू वाहिलं, कारण आत हात पोचेना. पुळणाईला नवा शेंदूर होता, शेजारी फोटो कुठून घ्यावा हे दाखवणारी पाटी होती. "आलंय गो मी," रंभा म्हणाली. "पोर आणलीय. आता चूल मांडतंय." मग वळून शैलेशला म्हणाली, "दगड काढ."

शेवटच्या वस्तीला दगड पुरले होते शैलेशने. जागा त्यालाच ठाऊक.

शैलेश हलला नाही. "आये, काढतो नंतर. आदी चा घे. बालाला काय पायजे ते बग."

"शैलेश. दगड कुठं हायत?"

त्याची नजर एकदा, अगदी निसटती, तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेकडे गेली आणि रंभाने ती पकडली. भर गर्दीच्या बाजारात गिऱ्हाइकाची नजर कोणत्या पाटीवर पडली हे ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

मोकळ्या जागेत शेकोटीचा खड्डा होता. भोवती गोल करून दगड मांडले होते, लाल-पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेले, रस्त्याच्या कडेच्या दगडांसारखे. कडेने बसायला उशा. रंभा हळूहळू गोल फिरली. एक दगड बुटका होता. एकाच्या डोक्यावर खळगा होता, त्यात कोणीतरी बाटलीचं झाकण टाकलं होतं. आणि तिसऱ्यावर, जो चांगला होता त्याच्यावर, एक थोराड मुलगा बुटाचा पाय ठेवून लेस बांधत होता.

"पाय काढ," रंभा म्हणाली.

मुलाने पाय काढला. तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण शेजारी खेळणाऱ्या पोरांनीही चेंडू थांबवला.

"ह्ये कोनी केलं?"

शैलेशने ओठांवरून जीभ फिरवली. "मी."

"रंग?"

"रंग पन मीच दिला. सगल्या दगडांना द्यायचा व्हता. साहेबांनी सांगितलं व्हतं." मग त्याचा बांध फुटला आणि तो भराभर बोलू लागला. "आये, जेसीबी आला व्हता. जिथं पुरले व्हते तिथं पायवाट झाली. मी रातोरात काढले नसते तर भरावात गेले असते. घरी नेता येत नाय, दगड किनारा सोडत नाय, तूच सांगतंस. मग मी ह्या खड्ड्याला लावले. मना वाटलं, हितं रोज आग पेटते. त्यांच्यावर आग तरी राहील."

"कुनाची आग?" रंभा म्हणाली.

शैलेशने शेकोटीच्या खड्ड्याकडे पाहिलं.

"कुनाची आग, शैलेश? तुज्या आजीनं मना काडेपेटी दिली, पदर जळला माजा, तवा त्या दगडांवर आग पेटली. ती आग आमची. ह्यांची काय? दारूच्या बाटल्या घेऊन बसतात, गाणी लावतात, बूट ठेवतात. आणि तू राखन करतंस. तुना लाज नाय वाटली? मना सांगायचंस की आये, देवीची जागा गेली, दगड उपटले, ये आणि भांड. मी आले असते. जेसीबीच्या पुढं बसले असते. तू सांगितलं नायस. तू रंग दिलास. ब्रश घेऊन बसलास, आणि आजीच्या चुलीला रंग दिलास."

इतक्या वर्षांत साठलेला, त्याच्यासाठी बाजूला ठेवलेला सगळा राग त्या एका संध्याकाळी बाहेर आला. सगळी माणसं पाहत होती. रुचिराने तोंडावर हात ठेवला होता. कोणीतरी मोबाइल वर धरला, तर रंभाने नुसतं त्या दिशेला पाहिलं आणि तो खाली गेला. काशिराम पुटपुटला, "असू दे, रंभे."

"नाय असू देत," रंभा म्हणाली, आणि खाली वाकून तिने बुटका दगड उपटला.

दगड जड होता. तिने तो कमरेवर घेतला तसा रंगाचा एक पोपडा तिच्या लुगड्याला लागला. दुसऱ्या दगडाला ती हात घालणार तोच कोमल पुढे आली. कोमल म्हणजे आवाज नसलेली सून, अशी सगळ्या घराची समजूत. तिने मुलगी काशिरामच्या हातात दिली, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, खळग्यातलं झाकण फेकलं आणि दगड छातीशी उचलला. तिसरा दोघींनी आपापल्या मोकळ्या हाताने मधे धरला.

विश्वजीत साहेब धावत आले. "मावशी, असं करता येणार नाही. ही उद्यानाची प्रॉपर्टी आहे. शैलेश, काय चाललंय हे? थांबव त्यांना."

शैलेशचा हात शिट्टीकडे गेला. तो नुसता गेला, वाजवायला गेला की सवयीने, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"वाजव," रंभा म्हणाली. "तेच राहिलंय. वाजव."

त्याने शिट्टी सोडली. पण तो मध्येही पडला नाही. साहेबांना काही सांगितलं नाही, आईला हातही दिला नाही, तिथेच खड्ड्याच्या कडेला उभा राहिला, आणि त्या दोघी बायका जड पावलांनी दगड घेऊन त्याच्यासमोरून निघून गेल्या. साहेबांनी बायकांना हात लावला नाही. बहुधा मोबाइलांचा विचार त्यांनी केला असावा.

कुंपण जिथे संपतं तिथे काळे खडक आहेत आणि खडकांपलीकडे हातभर वाळूची पट्टी उरलेली आहे. उद्यानाच्या नकाशात ती बसली नसावी म्हणून उरली. तिथून देऊळ दिसत नाही, नुसतं त्याचं कौल दिसतं. रंभाने तिथे दगड ठेवले आणि कमरेवर हात ठेवून दम खाल्ला. काशिराम नातीला आणि गाठोड्याला घेऊन खडकांवरून चाचपडत आला. आला हे विशेष. येताना त्याने सुरूच्या वाळक्या फांद्याही काखेत मारल्या होत्या.

"तू पेटव," रंभा कोमलला म्हणाली आणि काडेपेटी तिच्यापुढे धरली.

"मी?"

"मना ह्या दगडांना आज काडी लावायची नाय. तू लाव."

कोमलने दगड मांडले. चूल डावीकडे कलली. तिने दगड फिरवून पाहिला, तरी कललीच.

"शिंपली लाव खाली. डाव्या अंगाला," मागून आवाज आला.

शैलेश खडकावर उभा होता. त्याच्या डोक्यावर रंभाची पाटी होती. गणवेशाच्या खांद्यावरून बर्फाचं आणि मासळीचं पाणी ओघळत होतं, शर्ट पुढून काळा झाला होता. तसाच तो केबिनपासून, सगळ्या तंबूंमधून, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चालत आला होता. पाटी बायकांनी उचलायची, गड्याने उचलली तर वाडीत हसतात. त्याने खडकाखाली बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी येऊन पाटी आईपुढे ठेवली.

"साहेबांनी सकाली ऑफिसात बोलवलंय," तो म्हणाला.

रंभाने पाटीतली हलव्याची तुकडी उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली. ताजी होती. बर्फ घातला होता त्याने.

चूल पेटली. पहिल्याच जाळाला ऑइल पेंटला फोड आले, लाल रंग खदखदत खाली ओघळला आणि असा काही घाण धूर सुटला की नातीला ठसका लागला. कोमलने घाईघाईने तांदळाचा टोप ठेवायला घेतला, तर रंभाने तिचा हात धरला. "थांब. ह्यो जाळ फुकटचा हाय." रंग पुरा जळेपर्यंत तिने काही शिजवू दिलं नाही. मग ती राख कोमलकडून भरून समुद्रात टाकवली, दगड खाऱ्या पाण्याने घासवले आणि दुसऱ्यांदा चूलही तिच्याकडूनच पेटवली. आता रंगाखालचे दगड काळे दिसू लागले होते, भामाच्या वेळचे. पुष्कळ जागी लाल डाग तसेच राहिले, ते काही जाईनात. त्या जाळावर भात झाला, कोलंबीचं कालवण झालं, देवीची हलव्याची तुकडी भाजली. नैवेद्य कौलाच्या दिशेने दाखवला. रंभाने चुलीच्या कडेची राख बोटावर घेतली आणि नातीच्या कपाळाला लावली. मुलीने ती लगेच पुसून तोंडात घातली. काशिराम हसला. रंभाही जवळजवळ हसणार होती.

तिने सगळ्यांना वाढलं. शैलेशलाही वाढलं, भरपूर वाढलं, कोलंबी वेचून वाढली. पण परक्या पाहुण्याला वाढावं तसं, न बोलता. तो दोन वेळा "आये" म्हणाला. दोन्ही वेळा तिने कालवणाची पळी पुढे केली.

रात्री ते सगळे वाळूवर पडले, वर छप्पर नव्हतं. तंबू रिकामा राहिला.

पहाटे उठून कोमलने अंथरुणं गुंडाळली. चूल गार झाली होती. शैलेश रात्रभर फारसा झोपला नसावा. तो उठला, शर्ट झटकला आणि सवयीने चुलीशी येऊन वाकला, दगड उचलायला. दगड पुरणं हे घरातल्या तरुण गड्याचं काम.

"ऱ्हाऊ दे," रंभा म्हणाली.

तो थांबला.

"कोमल पुरंल."

शैलेशने वर पाहिलं. "आये, बायकांनी पुरायचं नसतं."

"आजपासून असतं," रंभा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. काल जे ओरडून झालं होतं त्यापेक्षा हे फार वाईट होतं, आणि ते त्याला कळलं, हे तिला दिसलं. "तुज्यावर तीन वर्सं ठेवले. बगितलं. आता तू पाठ फिरव."

"आये..."

"सगले फिरवतात. तुजा बा फिरवतो, मी फिरवतंय. तू पन फिरव."

काशिराम नातीला घेऊन केव्हाच समुद्राकडे तोंड करून बसला होता. शैलेश वळला. त्याच्या समोर तंबू होते, माळांचे दिवे अजून चालू होते, कोणीतरी डेकवर चटई टाकून व्यायाम करत होतं. तिथून बोलावणं यायचं होतं. रंभाही रीतीप्रमाणे वळली, पण वळताना तिला त्याची पाठ दिसली. निळ्या शर्टावर मासळीच्या पाण्याचे डाग वाळून पांढरे झाले होते. हात लावून ते झटकावेत असं तिला वाटलं, आणि तिने हात पदरात घेतला.

कोमलने एकेक दगड नेला. खडकांच्या आडून बराच वेळ वाळू ओढल्याचा आवाज येत राहिला. मग ती परत आली, नखांतली वाळू काढत, आणि मुलीला घ्यायला तिने हात पुढे केले.

"चला," रंभा म्हणाली. पाटी डोक्यावर घेऊन ती खडकांवरून उतरू लागली, तिच्यामागून काशिराम, त्याच्यामागून कोमल.

शैलेश अजून तसाच उभा होता. त्याला वळ असं कोणी सांगितलं नव्हतं.